सायकलीच्या रंगाची कुळकथा

सायकल विकत घेतांना माणूस प्रथम तिचा रंग पाहतो, आणि एकदां ती घरीं आली म्हणजे त्या रंगाकडे पुन्हा वळून पाहत नाहीं. चाकांतील हवा, साखळीचें तेल, ब्रेकचें रबर यांची विचारपूस होते. रंगाची होत नाहीं. मग पांचसात पावसाळे अंगावरून गेल्यानंतर एके दिवशीं खालच्या नळीवर एक तांबूस फोड दिसतो. नखानें तो खरवडला कीं रंगाची खपली निघते आणि तिच्याखालीं नाण्याएवढा गंज आढळतो. रंग हें सायकलीचें कातडें होतें आणि तें आतां फाटलें आहे, हें तेव्हां ध्यानांत येतें.

अशा वेळीं आजच्या शहरांतील गृहस्थाला मार्ग सोपा आहे. रंगाच्या दुकानांतून फवाऱ्याचा एक डबा आणावा, चाकें व साखळी सोडवून फ्रेम सज्जांत दोरीनें टांगावी, डबा हलवावा आणि वरची कळ बोटानें दाबावी. घटकाभरांत जुनी सायकल नव्या नवरीसारखी दिसूं लागते. जें काम आज एका बोटाच्या दाबानें होतें, त्याच कामासाठीं एके काळीं भट्ट्या, धुराडीं, रोगणाचे हौद आणि कसबी कारागिरांच्या फळ्या लागत असत. एवढा मोठा कारखाना वीतभर उंचीच्या डब्यांत कसा मावला, आणि मावतांना त्यांतलें काय बाहेर राहिलें, हा इतिहास मनोरंजक तर आहेच. पण ज्याला घरीं फ्रेम रंगवावयाची आहे त्याच्या तो उपयोगाचाही आहे.

या कथेचा आरंभ सायकलीच्या कितीतरी आधीं, आणि तोही पूर्वेकडे होतो. चकचकीत रोगणाला इंग्रजींत लॅकर हा जो शब्द आहे, तो अरबांच्या व पोर्तुगीजांच्या तोंडून फिरत गेलेला आपल्याकडील लाख हाच शब्द होय. संस्कृतांतील लाक्षा हें त्याचें मूळ. झाडाच्या फांद्यांवर राहणाऱ्या किड्यांपासून मिळणारी ही लाख लांकडी वस्तूंवर चढविण्याची कला सावंतवाडीस अजूनही जिवंत आहे. चीन व जपान या देशांतील रोगण मात्र निराळें. तेथें उरुशी नांवाच्या झाडाचा चीक गाळून त्याचे पातळ थर एकावर एक देत आणि प्रत्येक थर दमट हवेंत घट्ट होऊं देत. सतराव्या शतकांत अशा वस्तू युरोपांत पोंचल्या तेव्हां तेथील श्रीमंतांना त्यांचें वेड लागलें. पण तो चीक समुद्रमार्गानें धडपणें नेणें कठीण होतें. म्हणून घरच्याच साहित्यांतून तसली झांक आणण्याची खटपट सुरू झाली. १६८८ सालीं जॉन स्टॉकर व जॉर्ज पार्कर या दोघांनीं ऑक्सफर्ड येथें या विद्येवर एक ग्रंथच छापला. या नकलेला इंग्रजांनीं प्रामाणिकपणानें नांव दिलें तें जपानिंग असें.

लांकडावरून ही विद्या लोखंडावर आली ती वेल्समधील पाँटिपूल या गांवीं. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांत तेथील ऑलगुड घराण्यानें पातळ लोखंडी पत्र्याच्या तबकांवर व डब्यांवर रोगण चढवून तें भट्टींत भाजण्याची रीत बसविली. लवकरच हा धंदा बर्मिंगहॅमच्या आसमंतांत पसरला. आपल्या सुंदर टाइपांमुळें मुद्रणाच्या इतिहासांत अजरामर झालेला जॉन बास्करव्हिल यानें छापखान्यासाठीं लागणारा पैसा मिळविला, तो याच रोगणाच्या वस्तूंचा व्यापार करून.

या रोगणाचे घटक साधे होते. डांबराच्या जातीचा खनिज पदार्थ, जवसाचें तेल, टर्पेंटाईन आणि हवी तर काजळी. परंतु त्यांतील मर्म भट्टींत होतें. जवसाचें तेल वाळतें असें आपण म्हणतों. वस्तुतः तें पाण्यासारखें उडून जात नाहीं, तर हवेंतील प्राणवायु शोषून घेऊन घट्ट होतें. साध्या हवेंत या क्रियेला दिवसचे दिवस लागतात. भट्टीच्या उष्णतेंत तीच क्रिया कांहीं तासांत घडते, आणि तयार होणारा थर इतका कठीण व चिवट होतो कीं, पत्रा किंचित् वांकविला तरी तो तडकत नाहीं. मात्र ज्याच्या पोटीं डांबर, त्याच्या अंगीं काळा रंग ठरलेलाच. पुढें शंभर दीडशें वर्षें यंत्रें काळीं दिसत राहिलीं याचें एक मोठें कारण या भांड्यांतच शिजत होतें.

आतां सायकलीकडे वळूं. १८१७ सालीं कार्ल फॉन ड्राइस या जर्मन सरदारानें मानहाइम शहरांत पायांनीं जमीन ढकलीत चालविण्याची दुचाकी प्रथम फिरविली. ती लांकडी असल्यामुळें तिला घोडागाडीचा तेलरंग चालण्यासारखा होता. १८६० नंतरच्या दशकांत पॅरिसमध्यें पुढच्या चाकाला पायडल आले आणि सांगाडा लोखंडी झाला. तेथून हें वाहन इंग्लंडांतील कॉव्हेंट्री या शहरीं गेलें. तेथें ज्या कारखान्यानें सायकली प्रथम हातीं घेतल्या, तो मुळांत शिवणयंत्रांचा कारखाना होता. काळ्याभोर अंगावर सोनेरी वेलबुट्टी असलेलें जुनें शिवणयंत्र आपल्याकडील कित्येक घरांनीं आजीची आठवण म्हणून जपून ठेविलें आहे. तें यंत्र आणि जुनी इंग्रजी सायकल एकमेकांशेजारीं ठेवून पाहिलीं म्हणजे तोच काळा रंग, तीच सोनेरी रेघ, तीच कांचेसारखी झांक दिसते. आणि हीं दोन भावंडें आहेत हें कोणी सांगावें लागत नाहीं. बर्मिंगहॅम तेथून अवघें तीस किलोमीटर. रोगणाचे जुने जाणकार आणि नव्या वाहनाचे कारखानदार असे शेजारीं आले. १८८५ सालीं जॉन केंप स्टार्ली यानें दोन्हीं चाकें सारख्याच बेताचीं असलेली व साखळीनें मागचें चाक फिरविणारी रोव्हर सायकल बाहेर काढली, १८८८ सालीं डनलॉपनें हवेची धांव आणली, आणि त्यानंतर दहा वर्षांच्या आंत सायकलींची मागणी इतकी वाढली कीं, रोगणाच्या भट्ट्या विझेनाशा झाल्या.

त्या काळीं एक फ्रेम रंगविणें हें केवढें काम होतें! पोलादी नळ्यांचे सांधे पितळेनें जोडीत. हा डाग देतांना टांकणखार वापरावा लागे, आणि काम झाल्यावर सांध्यांभोंवतीं कांचेसारखी कठीण खरपूड उरे. ती राहिली तर तिच्याखालून गंज धरणार हें ठरलेलें. म्हणून कानशीनें घांसून किंवा वाळूचा मारा करून ती अगोदर काढीत. मग फ्रेम काळ्या एनॅमलच्या हौदांत बुडवावयाची, निथळूं द्यावयाची, भट्टींत भाजावयाची, थंड झाल्यावर बारीक भुकटीनें घांसून गुळगुळीत करावयाची, आणि पुन्हा बुडवावयाची. चांगल्या सायकलीला असे अनेक हात मिळत. शेवटीं एखादा कसबी कारागीर लांब केंसांच्या नाजूक कुंचल्यानें, कोणत्याही पट्टीचा आधार न घेतां, नळीच्या या टोंकापासून त्या टोंकापर्यंत एका श्वासांत सोनेरी रेघ ओढी. रंगाला लागणाऱ्या या वेळांत प्रत्यक्ष रंग लावण्याचा वेळ फारच थोडा असे. बाकीचा सारा वेळ घांसण्यांत, पुसण्यांत आणि वाट पाहण्यांत जाई. ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे; कारण पुढील सर्व शोधांचा रोख तो वेळ कमी करण्याकडे होता.

या काळ्या सायकली महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासाशींही निगडित आहेत. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे १८८५ सालीं चित्रकला शिकण्यासाठीं मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत दाखल झाले. परंतु त्यांना कांहीं रंगांतील भेद दिसत नाहीं असें पुढें आढळून आलें, आणि चित्रकार होण्याचा विचार त्यांना सोडावा लागला. यंत्रांच्या आरेखनांत मात्र रंगाची गरज नव्हती. तें शिकून ते मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिक्षक झाले. १८८८ सालीं तेव्हांच्या मुंबई इलाख्यांतील बेळगांव येथें किर्लोस्कर बंधूंनीं जें दुकान काढलें, तें सायकलींचें होतें. नांगर, चरक, पंप हें सर्व मागाहून आलें. ज्याला रंगांनीं दगा दिला, त्याला काळ्या रंगाच्या यंत्रानें हात दिला, हा योगायोग मोठा गोड आहे. स्वातंत्र्यानंतर मद्रास, सोनीपत, आसनसोल, लुधियाना येथें देशी कारखाने निघाले. त्यांच्या उंच, काळ्या सायकलींवर टपालवाले, दूधवाले, शाळामास्तर आणि पुण्यासारख्या शहरांतील अख्खीं कुटुंबें कित्येक वर्षें फिरलीं.

दरम्यान रंगाच्या खालच्या बाजूकडेही शास्त्रज्ञांचें लक्ष गेलें होतें. लोखंड, पाणी आणि प्राणवायु हीं तीन एकत्र आलीं कीं गंज चढतो, आणि गंज मूळ लोखंडाहून अधिक जागा व्यापतो. त्यामुळें रंगाला एखादें बारीकसें छिद्र पडलें तरी आंत शिरलेला गंज फुगतो, शेजारचा रंग उचलतो आणि आपला मार्ग आपणच मोकळा करीत पुढें सरकतो. यावर जुना उपाय शिशाच्या शेंदराचा. देवाच्या मूर्तीला चढणारा शेंदूर आणि लोखंडी पुलांना अस्तर म्हणून दिला जाणारा तांबडा रंग हा पदार्थ एकच. १९०६ सालीं बर्मिंगहॅमच्या थॉमस कॉस्लेट यानें निराळी युक्ति काढली. पोलाद स्फुराम्लाच्या द्रावणांत बुडविलें कीं त्याच्या पृष्ठावरच फॉस्फेटचा एक खरबरीत, राखी थर तयार होतो. तो गंजाला आवरतो आणि वरच्या रंगाला घट्ट पकड देतो. पुढें ही रीत सुधारून सायकलींच्या कारखान्यांनींही उचलली. गिऱ्हाइकाच्या नजरेला हा थर कधींच पडत नाहीं. पण रंगाचें आयुष्य त्याच्यावर अवलंबून असतें.

वेळेची अडचण मात्र कायम होती. सायकल लहान, ती भट्टींत सहज मावे. मोटारगाडी आली तेव्हां घोडागाडीच्या पद्धतीनें तिला रोगणाचे हात देण्यांत आठवडेच्या आठवडे जाऊं लागले, आणि अर्धवट वाळलेल्या गाड्यांनीं कोठारें भरूं लागलीं. १९१४ ते १९२५ या काळांत फोर्डची मॉडेल टी मोटार केवळ काळ्या रंगांत निघत असे. लवकर वाळणारें, टिकाऊ व स्वस्त रोगण तेव्हां काळेंच होतें. या कोंडींतून सुटका झाली ती दोन शोधांच्या मिलाफानें. पैकीं एक शोध रंग फेंकण्याचा, दुसरा रंग वाळण्याचा.

फवाऱ्यानें रंगविण्याची कल्पना तशी फार जुनी. इंडोनेशियांतील सुलावेसी बेटाच्या गुहांत भिंतीवर पंजा ठेवून भोंवतीं रंग फुंकलेल्या आकृति आहेत. त्यांतील एक किमान ३९,९०० वर्षांपूर्वींची असल्याचें २०१४ सालीं प्रसिद्ध झालें. तोंडाची जागा यंत्रानें घेतली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. १८९३ सालीं शिकागो येथें भरलेल्या जागतिक प्रदर्शनाच्या प्रचंड इमारती वेळेवर पांढऱ्या करण्यासाठीं दाबलेल्या हवेच्या पिचकाऱ्या वापरल्या गेल्या. कारखान्यांत ज्या बंदुकीनें प्रवेश केला तिचें मूळ मात्र दवाखान्यांत होतें. अमेरिकेंतील टोलेडो येथील डॉक्टर ॲलन डेव्हिल्बिस यांनीं रोग्याच्या घशांत औषधाचे तुषार सोडणारें लहान उपकरण बनविलें होतें. त्यांचा मुलगा टॉमस यानें १९०७ च्या सुमारास त्याच तत्त्वावर रंगाची बंदूक तयार केली. लग्नमंडपांतील गुलाबदाणीचीच ही दूरची नात. फक्त हिच्या पोटांत रोगण होतें आणि पाठीशीं हवेचा जोर होता.

दुसरा शोध युद्धाच्या दारूगोळ्यांतून आला. कापसावर नत्राम्ल व गंधकाम्ल यांची क्रिया केली असतां जो स्फोटक पदार्थ होतो, तो १८४६ च्या सुमारास शोनबाइन या रसायनशास्त्रज्ञानें प्रसिद्धीस आणला. बिनधुराची दारू त्याचीच. पहिल्या महायुद्धांत अमेरिकेच्या ड्यू पाँ कंपनीनें ती प्रचंड प्रमाणांत तयार केली. युद्ध संपल्यावर त्याच नायट्रोसेल्युलोजचें पातळ रोगण बनवून ड्यूको या नांवानें तिनें बाजारांत आणलें, आणि १९२३ सालीं तें ओकलंड मोटारींवर चढलें. या रोगणाला भट्टी नको, प्राणवायूची वाट पाहणें नको. त्यांतील द्रव उडून गेला कीं रंग वाळला. आठवड्यांचें काम तासांवर आलें, आणि डांबराची सक्ति संपल्यामुळें निळा, तांबडा, हिरवा हे रंग सर्वांच्या आटोक्यांत आले. सायकलीच्या दुकानांतही इंद्रधनुष्य उतरलें.

परंतु वेगाची किंमत कोणीतरी देतच असतो. भट्टीच्या काळीं कामगाराला धग सोसावी लागे. आतां त्याच्या छातींत तुषार जाऊं लागले. हवेंत उडालेला द्रव नाहींसा होत नाहीं. तो आधीं श्वासांत जातो, आणि ठिणगी सांपडली तर पेट घेतो. जुन्या फवाऱ्यांत बेंझीनसारखे रक्ताला घातक द्रव असत, पिवळ्या व तांबड्या रंगांत शिसें असे. म्हणून इंग्लंडांत १९३४ सालीं सेल्युलोज रोगणांच्या कामासाठीं वेगळे कायदेशीर नियम झाले. दूषित हवा बाहेर ओढून घेणारे पंखे, बंदिस्त खोल्या, आगीपासून दक्षता हीं कारखान्याचीं कर्तव्यें ठरलीं. पुढें १९८९ सालीं कर्करोगावरील आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेनें रंगाऱ्याचा धंदाच कर्करोगाचा संभव वाढविणारा म्हणून पहिल्या वर्गांत घातला. या सावधगिरीच्या प्रत्येक ओळीमागें कोणाचें तरी दुखणें आहे, हें विसरतां कामा नये.

हें सर्व कारखान्यांत चाललें असतांना घरांत काय होतें? हौशी मनुष्य एनॅमलचा लहान डबा आणून कुंचल्यानेंच फ्रेम रंगवी. कुंचल्याच्या रेघा उठत, नळीच्या खालच्या अंगाला ओघळ येत, आणि शेजारी विचारीत कीं, ही घरीं रंगविली काय? तो प्रश्न मोठा बोंचरा असे. फ्लिटच्या पंपासारख्या हातपिचकाऱ्या होत्या. युरोप-अमेरिकेंत धूळ ओढण्याच्या विजेच्या यंत्राला उलट बाजूनें जोडावयाची रंगाची पिचकारी मिळे. पण यांतील कोणत्याही साधनानें कारखान्याची सफाई साधत नव्हती. हवेचा अखंड दाब घरांत आणावयाचा कसा, हें कोडें होतें.

तें प्रथम सोडविलें नॉर्वेंतील एरिक रोथाइम या अभियंत्यानें. झडप बसविलेल्या बंद डब्यांत द्रव पदार्थ आणि त्याला बाहेर ढकलणारा वायु एकत्र भरण्याचें पेटंट त्यानें १९२७ सालीं मिळविलें. कल्पना उत्तम, पण बाजार मिळाला नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत पॅसिफिकच्या बेटांवर अमेरिकन सैनिकांना हिंवतापाच्या डासांनीं जर्जर केलें, तेव्हां लाइल गुडह्यू व विल्यम सलिव्हन या सरकारी शास्त्रज्ञांनीं द्रवरूप वायूच्या जोरावर कीटकनाशक उडविणारा जाड लोखंडी डबा तयार केला. युद्धानंतर रॉबर्ट ॲबप्लॅनल्प यानें १९४९ सालीं स्वस्त व न गळणारी झडप काढली आणि डबा हलका झाला. त्याच वर्षीं इलिनॉय संस्थानांतील सिकॅमोर या गांवचा रंगविक्रेता एडवर्ड सेमूर आपला नवा रुपेरी रंग गिऱ्हाइकांना कसा दाखवावा या विचारांत होता. त्याची पत्नी बॉनी हिनें सुचविलें कीं, तो फवाऱ्याच्या डब्यांत भरून पाहावा. फवाऱ्याच्या रंगाचा जन्म असा एका गृहिणीच्या सूचनेंतून झाला.

या डब्याची करामत समजण्यास सोपी आहे. आंत रंगाबरोबर जो वायु असतो तो दाबाखालीं द्रव झालेला असतो. कळ दाबतांच मिश्रण बाहेर पडतें, दाब नाहींसा होतो, द्रवाचा क्षणांत वायु होतो आणि रंगाच्या थेंबाच्या ठिकऱ्या उडून त्याचे तुषार होतात. जितका वायु बाहेर जातो, तितका द्रव आंत उकळून त्याची जागा घेतो. म्हणून रंग संपत आला तरी दाब जवळजवळ सारखाच राहतो. डबा हलवितांना जो खुळखुळ आवाज येतो, तो तळाशीं बसलेला रंग ढवळण्यासाठीं घातलेल्या गोळीचा. हवेचें यंत्र, नळी, बंदूक आणि हौद हीं चारही या चिमुकल्या डब्यांत आलीं.

वेगाची किंमत येथेंही चुकली नाहीं. प्रारंभीं या डब्यांत क्लोरोफ्लुरोकार्बन जातीचे वायु असत. ते जळत नाहींत, वास येत नाहीं, विषारी नाहींत; थॉमस मिजली यानें १९२८ मध्यें ते पुढें आणले तेव्हां निर्धोकपणा हाच त्यांचा मोठा गुण समजला गेला. १९७४ सालीं शेरवुड रोलंड व मारिओ मोलिना यांनीं दाखवून दिलें कीं, हे वायु न विरतां आकाशांत उंच चढतात आणि सूर्याचे जहाल किरण अडविणाऱ्या ओझोनच्या थराचा नाश करतात. १९७८ मध्यें अमेरिकेनें बहुतेक फवाऱ्यांतून ते हद्दपार केले. १९८५ मध्यें दक्षिण ध्रुवावरील ओझोनची घट प्रसिद्ध झाली, १९८७ सालीं माँट्रियलचा करार झाला, आणि भारत १९९२ सालीं त्यांत सामील झाला. आज डब्यांत बहुधा प्रोपेन, ब्युटेन किंवा डायमेथिल ईथर असतो. आकाशाचा धोका टळला. पण हे वायु जळाऊ आहेत. भट्टींतून छातींत, छातींतून आकाशांत आणि आकाशांतून पुन्हा घरांत, असा या संकटाचा प्रवास आहे.

आणखी एक वळण नमूद केलें पाहिजे. १९५० नंतरच्या दशकांत जर्मनींत एर्विन गेमर यानें द्रवाशिवाय, केवळ कोरड्या भुकटीनें धातूवर थर देण्याची रीत काढली. पुढें विजेच्या भारानें ती भुकटी फ्रेमला चिकटवून भट्टींत वितळविण्याची पद्धत रूढ झाली. उडून जाणारा द्रव नाहीं, म्हणून त्याची वाफही नाहीं. म्हणजे कारखाने फिरून भट्टीकडेच आले. पाँटिपूलच्या जुन्या कारागिराला हा कारखाना दाखविला असता, तर भुकटी पाहून तो गोंधळला असता, पण भट्टी पाहून त्यानें मान डोलावली असती.

आतां आरंभींच्या प्रश्नाकडे येऊं. डब्यांत कारखान्याची बंदूक आली, हवा आली, रोगण आलें. बाहेर राहिलीं तीं तीन: साफसफाईचें आम्ल व वाळू, वाळविणारी भट्टी, आणि दूषित हवा ओढून नेणारा पंखा. डब्याच्या किंमतींत हीं तीन मिळत नाहींत. घरीं रंगविणाऱ्याला तीं आपल्या पदरचीं घालावीं लागतात.

आम्लाच्या जागीं स्वतःचे हात. गंज चमकदार धातु दिसेपर्यंत काढावा, बाकीचा घट्ट रंग पॉलिश-कागदानें खरबरीत करावा, आणि बोटांचा तेलकटपणाही राहूं नये म्हणून शेवटीं टर्पेंटाईनच्या फडक्यानें पुसून, सुकवून मगच अस्तर द्यावें. चात्या बसण्याच्या आटेदार जागा कापडानें बंद कराव्या. जुन्या सायकलीच्या रंगांत शिसें असूं शकतें. घरगुती रंगांत तें दशलक्षांत ९० भागांहून अधिक असूं नये असा नियम भारतांत २०१६ सालीं होऊन १ नोव्हेंबर २०१७ पासून अंमलांत आला. त्यापूर्वींच्या थरांची हमी कोणी देऊं शकत नाहीं. म्हणून असा रंग कोरडा घांसूं नये, पाणी लावून घांसावा, आणि लहान मुलांना तेथें फिरकूं देऊं नये.

भट्टीच्या जागीं वेळ. हातभर अंतराहून थोडें कमी, म्हणजे पंचवीस-तीस सेंटिमीटरवर डबा धरून, फ्रेमच्या बाहेर फवारा सुरू करावा व बाहेरच बंद करावा, आणि एका दाट हाताऐवजीं चारपांच पातळ हात द्यावे. थेंबें थेंबें तळें सांचतें तें येथेंच. दोन हातांमधील अंतर डब्यावर छापलेलें असतें आणि तें पाळावयाचें असतें. अर्धवट घट्ट झालेल्या थरावर अवेळीं नवा हात पडला तर खालचा थर फुगून सुरकुततो. पावसाळ्यांत हें काम मुळींच काढूं नये. द्रव उडतांना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर मुंबई-कोंकणच्या हवेंतील दंव धरतें आणि काळ्या रंगावर पांढरट साय येते. बोटाला रंग लागेनासा झाला म्हणजे तो पक्का झाला असें नव्हे. आठवडाभर तरी फ्रेम तशीच टांगून ठेवावी.

पंख्याच्या जागीं मोकळी हवा. बंद खोली, जिना किंवा न्हाणीघर हीं या कामाचीं स्थळें नव्हेत. या वाफा हवेहून जड असल्यामुळें जमिनीलगत सांचतात आणि दाराच्या फटींतून आंत सरकतात. स्वयंपाकघरांतील शेगडी व देवघरांतील समई तेवढा वेळ शांत असावी. तोंडाला बांधलेला रुमाल फारतर कांहीं थेंब अडवितो, वाफ अडवीत नाहीं. त्यासाठीं कोळशाची डबी असलेला मुखवटाच हवा. जीं दोन भागांचीं कठीण रोगणें आयसोसायनेटच्या योगानें घट्ट होतात, तीं तर घरीं वापरूंच नयेत. त्यांनीं कायमचा दमा जडल्याचीं उदाहरणें आहेत.

इतकें सारें करावयाचें तर घटकाभराचें काम पंधरा दिवसांचें होतें, अशी तक्रार कोणी करील. ती खरी आहे. पण कॉव्हेंट्रीचा कारागीरही रंग लावीत होता थोडा वेळ, आणि घांसत व थांबत होता बाकीचा सारा वेळ. दोनशें वर्षांच्या शोधांनीं रंग लावण्याचा तो थोडा वेळ आणखी थोडा केला. गंजाशीं केलेल्या कराराच्या अटी मात्र जुन्याच राहिल्या. त्या अटी पाळून टांगलेली फ्रेम सोळाव्या दिवशीं खालीं उतरविली, चाकें चढविलीं आणि सायकल रस्त्यावर आणली, म्हणजे शेजाऱ्याचा तोच जुना प्रश्न पुन्हा येतो: ही घरीं रंगविली काय? या वेळीं तो प्रश्न ऐकतांना मान खालीं घालण्याचें कारण उरत नाहीं.